आजोबांच्या पेटीत ग्रंथसंग्रहालयाचं पुस्तक सापडलं, काय करू?

चरईचा_नातू
नमस्कार मंडळी. चरईतलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला चाललंय. माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या धोतरात गुंडाळलेलं एक पुस्तक निघालं. मुखपृष्ठ आणि पहिली पानं गेली आहेत, पण आतल्या एका पानावर 'मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे' असा शिक्का आहे आणि शाईनं लिहिलेला आकडा. आजोबा जाऊन एकतीस वर्षं झाली. हे ग्रंथालय किती जुनं? आणि इतक्या वर्षांनी पुस्तक परत घेतील का? रद्दीत मी जाऊ देणार नाही.

देवघेव_खिडकी
तो आकडा पुसू नका. तो दाखल क्रमांक. मी बावीस वर्षं एका छोट्या वाचनालयात देवघेवीला बसले. पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढायचं: तारीख, लेखक, किंमत, विकत की भेट. मग शिक्का पहिल्या पानावर आणि शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावर. त्याला आम्ही गुप्त पान म्हणायचो. कव्हर फाटलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून. तुमच्या बाबतीत ते कामाला आलं, वाचून फार बरं वाटलं.

ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ जून १८९३ ची. 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे संस्थापकांपैकी. भाव्यांचा जन्म १८७१ चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे! तोवर गावोगावी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाल्या होत्या. इथे मात्र मराठी ग्रंथ तेवढे जमवायचे असं ठरवून काम सुरू झालं. त्या वयाच्या मुलांना हे सुचलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नोंदवहीला पुढे सरकारी वजनही आलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अ, ब, क, ड असे वर्ग झाले, वर्गाप्रमाणे अनुदान. आमच्याकडे तपासणीला आलेले साहेब पाणी प्यायच्या आधी दाखल नोंदवही मागायचे. हरवलेल्या पुस्तकापुढे 'गहाळ' असा शेरा असायचा. तो लिहिताना माझा हात जड व्हायचा.

तेव्हा पुस्तक घेऊन जरूर जा आणि आधी दाखल क्रमांक दाखवा. सेलोटेप लावू नका, उन्हात वाळवू नका. मऊ ब्रशनं धूळ झटका आणि जुन्या सुती कापडात गुंडाळा. धोतर उत्तमच होतं.

काळा_तलाव
वयाचंच बोलायचं तर आमचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. पण निव्वळ मराठीचा मान ठाण्याचाच, ते कबूल.

चरईचा_नातू
ताई, मनापासून आभार. आईला विचारलं. आजोबा भायखळ्याच्या गिरणीतून सुटले की घरी यायच्या आधी स्टेशनजवळच्या ग्रंथसंग्रहालयात जायचे. शेवटचं आजारपण अचानक आलं, त्यात हे राहून गेलं असणार. शनिवारी जातोय, आईपण येते म्हणाली. एकच विचारायचं राहिलं: चौऱ्याण्णवाव्या पानात ठाणे–भायखळा असं पुठ्ठ्याचं जुनं रेल्वे तिकीट आहे. तिथेच राहू देऊ?

देवघेव_खिडकी
नको, पुठ्ठ्याचा डाग पानावर उतरतो. तिकीट आईंकडे द्या. त्या जागी कोऱ्या कागदाची पट्टी घाला, म्हणजे आजोबा कुठवर पोचले होते ते पान हरवणार नाही.