फिलॅग्रिन आणि दम्याचा संबंध
अनेकांना प्रश्न पडतो की एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणारे लाल चट्टे येण्याचा आजार) जनुकातच असेल तर मॉइश्चरायझर चोपडून उपयोग काय? उपयोग आहे. फिलॅग्रिन हे प्रथिन त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींमधले केराटिनचे तंतू घट्ट बांधतं. पुढे त्याचेच तुकडे होऊन जी अमिनो आम्लं बनतात, ती पाणी धरून ठेवतात. फिलॅग्रिन कमी पडलं की त्वचा कोरडी, खरखरीत होते, आणि हा कोरडेपणा मॉइश्चरायझरने कमी होतो. तळहातावर रेषांचं जाळंही जास्त ठळक दिसतं. (हात बघून लगेच स्वतःचं निदान करू नका!)

मला भारी वाटतं ते दम्याचं. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी फिलॅग्रिन बनवणाऱ्या जनुकातला दोष एक्झिमाशी जोडला, आणि एक्झिमासोबत येणाऱ्या दम्याशीही. आता गंमत बघा, श्वासनलिकेच्या अस्तरात हे प्रथिन सापडतच नाही! म्हणजे ॲलर्जीची सुरुवात बहुधा कमकुवत त्वचेतून आत शिरणाऱ्या कणांपासून होत असावी. शेंगदाण्याच्या ॲलर्जीतही या जनुकाचा संबंध दिसलाय.

मात्र दोष असलेल्या अनेकांना एक्झिमा कधीच होत नाही. उलट जनुक ठणठणीत असूनही दाह वाढला की फिलॅग्रिन घटतं. म्हणून चट्टा लालभडक असताना नुसत्या मॉइश्चरायझरवर भागत नाही. डॉक्टरांनी दिलेलं, दाह कमी करणारं स्टिरॉइडचं मलम घाबरून मध्येच सोडू नका.