मागच्या अंगणात आईबाबांसाठी छोटं घर
कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो, मागे लिंबाचं झाड सोडून बरीच जागा आहे, आईबाबा दरवर्षी सहा महिने येतात म्हणून एडीयू (मुख्य घराच्याच प्लॉटवरचं छोटं वेगळं घर) बांधायचं डोक्यात आहे, किती मोठं करावं?

रिप्लाय १: ७५० स्क्वेअर फुटांच्या आत ठेवा, इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामावर रस्ते, पार्क वगैरेंसाठी घेतात ती) वाचते. प्लॉटच्या हद्दीपासून मागून आणि बाजूने ४ फूट सोडा. परमिटचा निर्णय ६० दिवसांत द्यायचा नियम आहे, पण आमचे प्लॅन दोनदा करेक्शनला परत आले, तेव्हा घाई नको.

रिप्लाय २: आधी ड्रेनेज बघा हो! सांडपाण्याच्या पाइपला फुटाला पाव इंच उतार लागतो, आमचं अंगण मागे खोल, शेवटी पंप बसवला. आणि बाथरूमला उंबरा ठेवू नका, आईचे गुडघे आठवा.

रिप्लाय ३: लिंबू तोडू नका राव.