आईच्या मांडीत टायटॅनियमचा रॉड आहे, त्यातल्या व्हॅनेडियमची काळजी करायची का?

माईची_लेक: आई बाथरूममध्ये घसरली, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. डिस्चार्ज फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर चिकटवलंय, त्यावर टीआय-६एएल-४व्ही लिहिलंय. म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम ना? व्हॅनेडियम विषारी असतं असं वाचलं आणि रात्रभर झोप नाही. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज.

भट्टीवाला: ताई, आधी शांत व्हा. मी मेटलर्जीवाला, म्हणजे धातूंचं काम करणारा. हा अलॉय (मिश्रधातू) मुळात विमानांसाठी १९५० च्या दशकात बनला, हाडासाठी नाही, नंतर तो ऑपरेशन थिएटरात आला. व्हॅनेडियमचे क्षार लॅबमध्ये पेशींना त्रास देतात हे खरंय, पण रॉडवर टायटॅनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर आपोआप बसतो, खरवडला तरी लगेच परत धरतो, त्यामुळे धातू अगदी थोडा सुटतो. तरी शंका होतीच म्हणून स्वित्झर्लंडमध्ये व्हॅनेडियम काढून ७ टक्के नायोबियम हा दुसरा धातू घातलेला अलॉय केला, तो वापरातही आहे.

मला मोठा प्रश्न कडकपणाचा वाटतो. हाड साधारण १० ते ३० गिगापास्कल (हे कडकपणा मोजायचं माप), हा अलॉय ११० च्या आसपास, स्टील तर २०० च्या घरात. सगळा भार धातूच उचलतो, मग बाजूच्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होत जातं. जपानमध्ये निनोमी नावाचे संशोधक आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियममध्ये नायोबियम २९, टँटलम १३, झिर्कोनियम ४.६ टक्के असे धातू घालून अलॉय केला, तो ६० च्या आसपास येतो. पण टँटलम ३००० अंशांच्या वर वितळतं, टायटॅनियम १६७० च्या जवळ, एकजीव करताना जीव जातो, आणि महाग पण.

ऑर्थो_रेसिडेंट: भट्टीवाला, बरोबर, पण नुसतं मऊ करून भागत नाही. मणक्याचा रॉड आम्ही टेबलावर हाताने वाकवतो, फार लवचिक असला की परत सरळ व्हायला बघतो. शिवाय टायटॅनियम घासलं की झिजतं, कधीकधी प्लेट काढताना भोवतीचं मांस काळपट दिसतं, म्हणून कृत्रिम खुब्याचा गोळा सिरॅमिकचा नाहीतर कोबाल्ट-क्रोमचा. ताई, आईंचा रॉड गोळ्यासारखा सतत घासत नाही. व्हॅनेडियमच्या भीतीने तो काढायचा विचारही करू नका, वॉकरवर चालवा, शंका तुमच्या सर्जनला विचारा.

माईची_लेक: दोघांचेही मनापासून आभार. स्टिकरचा फोटो काढून ठेवलाय. आज आई वॉकर धरून गॅलरीपर्यंत गेली.