आषाढीला पेटी कोण वाजवणार???

प्रेषक: मंदार (सचिव)

मंडळी नमस्कार,
हॉलवाल्या बाईंना शुक्रवारपर्यंत कळवायचंय म्हणून घाईत लिहितोय. आषाढी 25 जुलै, शनिवार, नेहमीसारखं 4 ते 8. पण काल फ्रान्सिसचा मेसेज आला की तो आणि रूथताई दोघंही त्या दिवशी नाहीत, ते चर्चच्या गाण्यांचं फेस्टिव्हल, थ्री क्वायर्स, आहे. म्हणजे पेटी पण गेली आणि गळा पण गेला. दुसरं कोणी पेटी वाजवतं का? मागच्या गणपतीत जे झालं ते परत नको प्लीज.

प्रेषक: शुभाताई

मंदार ते पेटीचं तुम्ही बघा, मला फक्त साबुदाणा किती भिजवायचा ते सांग. गेल्या वर्षी 5 किलो भिजवला आणि लोक आले निम्मे. मी यंदाचा आणून ठेवलाय आधीच, सेल होता.

प्रेषक: नानाकाका

एकादशी शनिवारी आहे, कार्यक्रम शनिवारीच. यात चर्चा करण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही. मंडळ सुरू झाल्यापासून आषाढी चुकलेली नाही. क्वायर काय दरवर्षी असतो, एक वर्ष नाही गेलं तर काही बिघडत नाही. आणि "मागच्या गणपतीत जे झालं" असं मोघम लिहू नये, ज्याच्याबद्दल आहे त्याला लागतं. तबला मी लावलेला नव्हता.

प्रेषक: रूथ

नानाकाका, रागावू नका, पण एकदा नीट सांगते, कारण दरवेळी "तुमचं ते चर्चचं गाणं" म्हणून सोडून दिलं जातं. थ्री क्वायर्स म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या हेरफर्ड, ग्लॉस्टर आणि वुस्टर या तीन कॅथीड्रलच्या (मोठ्या चर्चच्या) क्वायरांचा, म्हणजे गायकवृंदांचा, वर्षाचा मेळा, पाळीपाळीने एकेका गावात. 2015 ला 300 वर्षं साजरी केली त्यांनी, मधे खंड पडला तो दोन महायुद्धांत आणि 2020 ला कोविडमधे. 2024 ला वुस्टर, 2025 ला हेरफर्ड, यंदा आपलं ग्लॉस्टर. म्हणजे "दरवर्षी असतो" हे बरोबर, पण माझ्या दारात तो तीन वर्षांतून एकदा येतो, आणि मी कोरसमधे आहे, ऐकायला नाही चाललेली. कित्येक महिने रिहर्सलला जातेय. नवरा म्हणतो घरात दिवसभर ऑल्टोच (बायकांच्या खालच्या आवाजाची साथीची ओळ) गुणगुणतेस, मूळ चाल काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तारखांचा दोष माझा नाही हो, अधिक महिन्याचा आहे. 2023 ला पण ग्लॉस्टरचीच पाळी होती, पण तेव्हा अधिक श्रावण होता म्हणून आषाढी त्याच्या आधीच 29 जूनला होऊन गेली. यंदा अधिक ज्येष्ठ मधे आला आणि आषाढी सरकत सरकत नेमकी उद्घाटनाच्या दिवशी येऊन बसली.

रविवारी 26 ला दुपारी मी मोकळी आहे. 2 ते 5 केलं तर?

प्रेषक: सायली

पेटी नसेल तर ॲप आहे ना, तानपुरा तबला सगळं येतं त्यात, स्पीकर मी आणते. आणि सॉरी पण सुरुवातीला मंदारदादाच्या मेलमधलं मी तीन क्विअर्स वाचलं 🙈

प्रेषक: नानाकाका

विठ्ठलापुढे ॲप लावायचं असेल तर माझं नाव यादीतून काढा.

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

ॲपचा विषय निघाला म्हणून लिहितो, मूळ पेटीसुद्धा काही पंढरपूरहून आलेली नाही. 1842 ला पॅरिसमधे देबँ नावाच्या माणसाने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, पायाने भाता हलवायची ती, युरोपात ती चर्चमधेच जास्त चालायची, ज्यांना मोठा ऑर्गन परवडत नव्हता तिथे. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ती आपल्याकडे आली, मग कलकत्त्याला हाताच्या भात्याची झाली. आमचे आजोबा संगीत नाटकांना पायपेटीची साथ करायचे, त्यामुळे हे घरात ऐकलेलं आहे. तेव्हा चर्चवाल्यांनी पेटी नेली असं म्हणण्यात अर्थ नाही, त्यांचीच आहे.

ता.क. मंडळाच्या पेटीचा भाता गळतो, दुरुस्तीला £85 सांगितलेत, मंजुरी कोण देतंय? हा प्रश्न मी फेब्रुवारीपासून विचारतोय.

प्रेषक: फ्रान्सिस

भाता मी तात्पुरता चिकटवलाय, मंजुरीची वाट बघत बसलो असतो तर गुढीपाडव्यालाच गप्प झाली असती.

नाना, परंपरेबद्दल एक गंमत सांगतो. 1875 ला वुस्टरच्या कॅथीड्रलवाल्यांना वाटलं की देवाच्या घरात तिकिटं लावून ऑर्केस्ट्रा आणि नावाजलेले गवई म्हणजे फारच झालं, त्यांनी ते सगळं बंद केलं आणि नुसत्या उपासना ठेवल्या. लोक इतके चिडले की त्या वर्षाला अजून "खोटा फेस्टिव्हल" म्हणतात. पुढच्या पाळीला 1878 ला ऑर्केस्ट्रा परत आला, आणि त्यात व्हायोलिन वाजवायला गावातलाच एक विशीतला पोरगा होता, पुढे मोठा संगीतकार झालेला एल्गर. नियम धरून बसले असते तर तो कुठे वाजवणार होता.

रविवारी सकाळी मला आपल्या हॉलवाल्या चर्चमधे ऑर्गन आहे (मी कॅथलिक असून त्यांच्याकडे वाजवतो, कारण दोन वर्षं त्यांना कोणी मिळत नव्हतं, आता सोडत नाहीत). सर्व्हिस संपली, लोकांची कॉफी झाली की हॉल 1.30 ला रिकामा. मी तिथेच असेन. पेटी पण तिथेच आहे.

प्रेषक: सायली

एल्गर म्हणजे एल्गार?? मला वाटलं मोर्चा आहे 😂

प्रेषक: नानाकाका

फ्रान्सिस, दाखला चांगला आहे पण गैरलागू. त्यांनी कार्यक्रम कापला, तारीख हलवली नव्हती. तिथी ही तिथी असते.

प्रेषक: मंदार (सचिव)

नानाकाका आदरपूर्वक, 2024 ला एकादशी 17 जुलैला बुधवारी होती आणि आपण केली 20 तारखेला, शनिवारी. मिनिट्स माझ्याकडे आहेत. प्रस्ताव तुमचाच होता.

प्रेषक: नानाकाका

तेव्हा कामाचा दिवस होता. ही सोय, तो अपवाद.

प्रेषक: रूथ

यावर मी बोलणार नव्हते, पण नाना, तुम्हीच मागे विचारलं होतं की ख्रिश्चन बाई अभंग इतका आतून कसा म्हणते. आमच्या नगरच्या चर्चमधे मी टाळ घेऊनच वाढले. रेव्हरंड टिळकांची भजनं आमच्याकडे दर रविवारी, तबला, पेटी, टाळ, सगळं अभंगाच्याच चालीवर. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतः सांगायचे. त्यामुळे तुमच्या आषाढीला आणि माझ्या कॅथीड्रलला मी दोन वेगळे गळे काढत नाही, एकच आहे, तो एका वेळी दोन ठिकाणी नेता येत नाही इतकाच प्रश्न आहे.

आणि खरं सांगू, मला तिथे गाताना सारखी दिंडीच आठवते. ते जाडजूड गोल खांब आणि उंच छत, आपण म्हटलेलं वर जाऊन परत येईपर्यंत पुढची ओळ सुरू झालेली असते, कानावर गेलात की मागे पडलात, कंडक्टरच्या हाताकडेच बघायचं. दिंडीत शेवटच्या टाळकऱ्यांचं होतं ना, पुढचे चरण बदलतात आणि मागचे अजून आधीच्यावरच, तस्संच.

प्रेषक: फ्रान्सिस

त्या छताखाली 1910 च्या फेस्टिव्हलला व्हॉन विल्यम्स या संगीतकाराची, टॅलिस या जुन्या संगीतकाराच्या चालीवरची फँटेसिया (ऑर्केस्ट्राची रचना) पहिल्यांदा वाजली. हॉवेल्स आणि गर्नी, एक सतराचा आणि दुसरा नुकताच विशीचा, ऐकायला होते, आणि म्हणतात की नंतर झोप येईना म्हणून रात्रभर ग्लॉस्टरच्या रस्त्यांवर फिरत राहिले. पुढे दोघंही मोठे संगीतकार झाले. मला 2023 ला तसंच झालं होतं, फक्त मी रस्त्यावर न फिरता पार्किंगमधे बसून राहिलो आणि £15 जास्त गेले.

प्रेषक: नानाकाका

तिकीट किती असतं?

प्रेषक: रूथ

कॉन्सर्टना असतं, वेगवेगळं. पण रोजच्या इव्हनसाँगला काही नाही, ती संध्याकाळची उपासना आहे, तिन्ही कॅथीड्रलचे क्वायर गातात, कोणीही येऊन बसा. सुरुवातीला तर या मेळ्यातून जमणारा पैसा पाद्र्यांच्या विधवा आणि पोरक्या मुलांसाठी जायचा.

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

म्हणजे वर्गणी. बघा, तिथे लोक देत होते. आपल्याकडे अजून 14 कुटुंबांची बाकी आहे.

प्रेषक: नानाकाका

आठवड्यात एक दिवस इव्हनसाँगला मी येईन. रूथ, कुठल्या दारातून आत जायचं ते कळव, गुडघ्यामुळे पायऱ्या नकोत.
कार्यक्रमाबाबत माझं मत बदललेलं नाही. मंडळाने रविवारी करावा, मी अडवणार नाही. शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी हरिपाठ होईल, ज्यांना यायचं त्यांनी यावं, पेटीशिवाय.

प्रेषक: मंदार (सचिव)

ठरलं मग, रविवार 26, दुपारी 2 ते 5, बाईंना आत्ताच कळवतो. अविनाशदादा £85 मंजूर, माझ्यावर टाका.

प्रेषक: शुभाताई

अरे पण रविवारी द्वादशी ना! मग उपास सुटलेला, खिचडी कोण खाणार, वरणभात आणि काहीतरी गोड करावं लागेल. नानांकडे शनिवारी किती जण येणार ते लगेच कळवा, 5 किलो साबुदाणा घरात आहे.