शब्दचर्चा : ‘मॅरेज लायसन्स’ म्हणजे विवाह नोंदणी नव्हे, मग काय?

भाषांतरवाली :
न्यूयॉर्क राज्यात झालेल्या एका लग्नाची कागदपत्रं मराठीत करते आहे. एका कागदावर ‘मॅरेज लायसन्स’ आहे, दुसऱ्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ मॅरेज रजिस्ट्रेशन’. दुसऱ्याला ‘विवाह नोंदणी प्रमाणपत्र’ म्हटलं की भागतं. अडलंय ते पहिल्यापाशी. आधी कुणीतरी केलेल्या भाषांतरात दोन्हीकडे ‘विवाह नोंदणी’ असंच लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं, एकाच लग्नाची दोनदा नोंदणी झाली, तीही वेगवेगळ्या तारखांना. त्याचा खुलासा मागणारं पत्र आता त्या कुटुंबाला आलं आहे. एका शब्दापायी म्हातारे आईवडील हेलपाटे घालताहेत. ‘विवाह परवाना’ लिहू, ‘विवाह अनुज्ञप्ती’ लिहू, की ‘लायसन्स’च ठेवू?

पैलतीर :
मी तिकडची रीत सांगतो, शब्द तुम्ही ठरवा. लायसन्स लग्नाआधी काढायचं असतं. वधूवर दोघं ओळखपत्रं घेऊन क्लार्कच्या, म्हणजे स्थानिक नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात जातात, अर्ज भरतात, आधीचं लग्न झालं असेल तर ते कसं संपलं ते सांगतात, फी भरतात. मग लायसन्स मिळतं. न्यूयॉर्कमध्ये ते मिळाल्यावर २४ तास थांबावं लागतं आणि ६० दिवसांच्या आत लग्न लागावं लागतं. टेक्सासमध्ये थांबायचे ७२ तास आणि मुदत ९० दिवस. कॅलिफोर्नियात थांबायचं कारण नाही, मुदत मात्र ९० दिवसांचीच. मुदतीत लग्न लागलं नाही तर तो कागद बाद, पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी. लग्न लागल्यावर ज्याने ते लावलं तो त्याच कागदावर सही करतो, कागद क्लार्ककडे परत जातो आणि तिथे नोंद होते. म्हणजे लायसन्स हातात असलेली माणसं अजून अविवाहितच असतात. ‘नोंदणी’ म्हणणं चूकच.

दप्तरी :
‘अनुज्ञप्ती’ हा आपल्या शासनव्यवहारातला लायसन्सचा अधिकृत प्रतिशब्द आहे. आरटीओत ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ म्हणतात ती हीच. तिथेच ‘परवाना’ हा शब्द परमिटसाठी राखलेला आहे, उदाहरणार्थ रिक्षाचा परवाना. माणसाला गाडी चालवायची मुभा ती अनुज्ञप्ती, आणि गाडी भाड्याने फिरवायची मुभा तो परवाना, असा तिथला भेद. कागद सरकारी कामासाठी असेल तर ‘विवाह अनुज्ञप्ती’ काटेकोर ठरेल.

साधासोपा :
काटेकोर असेल, पण ज्यांना वाचायचं आहे त्यांना कळायला नको? आरटीओच्या दारात उभा असलेला माणूससुद्धा ‘लायसन’ म्हणतो, अनुज्ञप्ती नाही. मला ‘परवाना’ आवडतो आणि तो नेमकाही वाटतो. फारसीतून आलेला, हुकूम, परवानगीपत्र या अर्थाने मराठीत कधीचा मुरलेला शब्द आहे. दारूचा परवाना, बंदुकीचा परवाना, दुकानाचा परवाना. प्रत्येक ठिकाणी अर्थ एकच, की आधी कागद आणि मग कृती. ‘लग्नाचा परवाना’ म्हटलं की लग्न व्हायचं आहे हे सांगावं लागत नाही.

भाषांतरवाली :
हे पटतंय. एक शंका मात्र आहे. लग्नाला परवाना म्हटलं की आपल्या कानाला खटकतं. कुणाची परवानगी, आणि कशासाठी?

पैलतीर :
खटकायलाच हवं, कारण मुळात ती परवानगीच होती. इंग्लंडमध्ये चर्चमधल्या लग्नाआधी तीन रविवार जाहीर पुकारा करावा लागे, कुणाला हरकत असेल तर त्याने सांगावं म्हणून. तो पुकारा टाळायचा असेल तर चर्चकडून लायसन्स घ्यायचं. १७५३ च्या कायद्याने पुकारा किंवा लायसन्स, दोन्हींपैकी एक सक्तीचं केलं. अमेरिकेत तर या कागदाचा उपयोग माणसांना अडवायलाही झाला. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या लग्नाला व्हर्जिनियात बंदी होती. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये वॉशिंग्टन डीसीत जाऊन लग्न केलं आणि घरी परतल्यावर त्यांना अटक झाली. अशा बंद्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये, त्यांच्याच खटल्यात, रद्द केल्या. एवढं सगळं पोटात असलेल्या शब्दाला ‘नोंदणी’सारखं निरुपद्रवी नाव देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दप्तरी :
हे वाचून मी ‘अनुज्ञप्ती’चा आग्रह सोडतो. आपल्याकडच्या व्यवस्थेत या कागदाला जोड नाही, हेही लिहून ठेवतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती लावली जाते, ३० दिवसांत योग्य हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. नोटीस तीन महिन्यांनी शिळी होते. काळाची चौकट तिकडच्यासारखीच आहे, पण ‘आता करा लग्न’ असा कागद आपल्या हातात कुणी देत नाही. म्हणून कुणी लायसन्सला ‘नोटीस’ म्हणेल तर तेही चूक. नोटीस आपण देतो, परवाना आपल्याला मिळतो.

याच्या उलट, महाराष्ट्रातला १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा झालेल्या लग्नाची नोंद करतो. हॉलमध्ये अक्षता पडल्या, मग नवराबायको साक्षीदार घेऊन विवाह निबंधकाकडे गेले, ती नोंदणी. या दोन्हींना आपण सरसकट ‘रजिस्टर लग्न’ म्हणतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो. ‘कोर्ट मॅरेज’ त्याहून वाईट, त्या लग्नात कोर्टाचा संबंधही नसतो. अधिकाऱ्यासमोर लागलेलं ते ‘नोंदणी पद्धतीने लग्न’ आणि आधी लागून मग नोंदलेलं ते ‘लग्नाची नोंदणी’, एवढा फरक लिहिताना तरी सांभाळावा.

साधासोपा :
याच ओघात एक चांगला शब्द हाताशी आहे. इंग्रजी कागदावर ‘ऑफिशियंट’ असतो. त्याला ‘पुरोहित’ म्हणू नका, तो न्यायाधीशही असू शकतो. ‘विवाह अधिकारी’ही नको, ते आपल्याकडचं पदनाम आहे. सरळ ‘लग्न लावणारी व्यक्ती’ लिहा. लग्न करणं, लग्न लावणं आणि लग्न लागणं, या तिघांत मराठीने कर्ता, लावणारा आणि क्षण किती स्वच्छ वेगळे ठेवलेत! लायसन्सवरचे तीन रकाने या तीन क्रियापदांत बसतात.

भाषांतरवाली :
वा, हे फार उपयोगी. ‘काउंटी क्लार्क’चं काय करू? त्या भाषांतरात ‘तालुका कारकून’ आहे.

पैलतीर :
कृपा करून नको. काउंटी म्हणजे तिथल्या राज्याचा एक प्रशासकीय विभाग, आणि बहुतेक काउंट्यांमध्ये क्लार्क हा निवडून आलेला पदाधिकारी असतो. २०१५ मध्ये केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी समलिंगी जोडप्यांना लायसन्स द्यायला नकार दिला, न्यायालयाचा अवमान केला म्हणून त्या पाच दिवस तुरुंगात होत्या आणि जगभर बातमी झाली. ‘तालुक्यातल्या कारकुनाने कागद दिला नाही’ असं वाचलं तर यातलं काय कळणार? काउंटीला तालुकाही म्हणू नका. ‘काउंटी क्लार्क’ तसंच ठेवा.

दप्तरी :
कारकून शब्दाची उतरण दुःखद आहे. ‘काम करणारा’ एवढाच त्याचा मूळ अर्थ, आणि मराठेशाहीत चांगल्या जबाबदारीची माणसं कारकून म्हणवली जात. पण आज तो अर्थ परत आणता येणार नाही.

भाषांतरवाली :
आता शेवटचं. मूळ प्रमाणपत्राची आणखी एक प्रत मागवायची आहे. ‘सर्टिफाइड कॉपी’ला ‘साक्षांकित प्रत’ लिहू ना?

दप्तरी :
नको, इथे पुष्कळ लोक चुकतात. साक्षांकित म्हणजे तुमच्याकडच्या झेरॉक्सवर कुणी अधिकाऱ्याने ‘मूळ पाहिले’ म्हणून सही केलेली. प्रमाणित प्रत म्हणजे ज्याच्या दप्तरात मूळ नोंद आहे त्याच कार्यालयाने स्वतः काढून दिलेली. जुन्या माणसांचा शब्द ‘नक्कल’. भूमी अभिलेखात अजूनही नकलेचा अर्ज करतात. पण नकलेला खोटेपणाचा वास लागला आहे, म्हणून ‘प्रमाणित प्रत’ बरी.

पैलतीर :
आणि प्रत मागवताना लग्न कुठे लागलं ते नव्हे, लायसन्स कुठे काढलं ते पाहा. कागद जिथून निघाला तिथेच परत जातो. एका काउंटीत लायसन्स काढून दुसरीकडच्या बागेत लग्न लावलेली जोडपी नंतर त्या दुसऱ्या काउंटीत नोंद शोधत बसतात. टेक्सासमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे सही होऊन परत आलेलं लायसन्सच नोंदलं जातं, त्यामुळे लग्नाचा पुरावा म्हणून ‘लायसन्सची प्रमाणित प्रत’ दिली जाते. तशा कागदावर ‘विवाह परवाना (विवाह लागल्याच्या नोंदीसह)’ असं लिहावं लागेल. भारतात दाखवायचा असेल तर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी दाखला, घ्या. भारत २००५ पासून ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

शोधताना वधूचं लग्नाआधीचं आडनाव लागतं. आपल्या आडनावांची स्पेलिंगं चार तऱ्हेने होतात, सगळी करून पाहा.

भाषांतरवाली :
त्या रकान्याला मी ‘माहेरचे आडनाव’ लिहिलं होतं. वराच्या कागदावरही तोच रकाना आहे, हे आत्ता लक्षात आलं. दोन्हीकडे ‘जन्माच्या वेळचे आडनाव’ करते. परवाना, प्रमाणपत्र, दोन तारखा, दोन वेगळी नावं, असं खुलाशाचं पत्र उद्या देते.