कोबायाशी मारू पास होण्यासाठी नसतेच

'स्टार ट्रेक'मधली कोबायाशी मारू ही सिम्युलेशन चाचणी पास झालं की जहाजाची कमांड पक्की, असं कुणी कुणी म्हणतं. पण ती चाचणी हरण्यासाठीच रचलेली आहे, हरताना माणूस कसा वागतो ते बघायला. कमांडरपदाची खरी परीक्षा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या १९९४ च्या एका भागात दिसते. जहाजावरची समुपदेशक ट्रॉय सिम्युलेशनमध्ये जहाज वाचवायला तांत्रिक उपाय शोधत राहते आणि पुन्हा पुन्हा नापास होते. शेवटी सिम्युलेशनमधल्या जॉर्डीला, म्हणजे जहाजाच्या मुख्य इंजिनिअरला, मरणार हे माहीत असून दुरुस्तीला पाठवते, तेव्हा पास!

भोसरीत शिफ्ट इनचार्ज झालो त्या पहिल्याच रात्री प्रेस अडकली. मीच पाना घेऊन वाकलो, फिटर बिचारा टॉर्च धरून उभा. मॅनेजर म्हणाले, "अहो, तुम्हीच खाली घुसलात तर बाकीची लाइन कोण बघणार?" तिथे जीव कुणाचा जाणार नव्हता, तरी मी ट्रॉयसारखाच नापास.