प्लेनरमधली सरळ पाती काढून हेलिकल कटर हेड बसवावे का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो आणि घराच्या गराजमध्ये सुतारकाम करतो. इथल्या मराठी कुटुंबांसाठी देव्हारे, चौरंग आणि पाट करणे हे माझे मुख्य काम असून त्यासाठी याच भागात मिळणारे हार्ड मेपल, चेरी आणि अक्रोड वापरतो. फळीची जाडी एकसारखी करण्यासाठी माझ्याकडे डिवॉल्टचा डीडब्ल्यू ७३५ हा १३ इंची, टेबलावर ठेवता येणारा प्लेनर आहे. यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सरळ रेषेच्या, म्हणजे तंतू सरळ जाणाऱ्या लाकडावर तो इतके स्वच्छ काम करतो की नंतर पॉलिश पेपर जेमतेम फिरवावा लागतो. प्रश्न आहे तो लहरी रेषेच्या मेपलचा, ज्याला इथे कर्ली मेपल म्हणतात.

देव्हाऱ्याच्या दारांना हे लाकूड फार शोभून दिसते. परंतु त्यातले तंतू सरळ न जाता सतत वरखाली होत जात असल्यामुळे फळी कोणत्याही टोकाकडून आत सोडली तरी प्रत्येक लहरीच्या एका उतारावर पाते रेषेच्या उलटच चालते, आणि तिथले तंतू कापले जाण्याऐवजी मुळापासून उचकटतात. प्लेनरमधून निघालेली फळी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, की लहरींच्या ओळीने तिळाएवढे खड्डे दिसतात. ते घालवायचे तर बरेच लाकूड घासून काढावे लागते आणि दाराची फळी मुळातच पातळ असते. एखादा खड्डा राहून गेलाच, तर तेल लावल्यावर तो काळपट डाग होऊन उठतो.

जे नेहमीचे उपाय सांगितले जातात ते मी करत आलो आहे. नव्या धारेची पाती, एका फेरीत इंचाच्या चौसष्टाव्या भागाहून जास्त लाकूड न काढणे, फळी आत सोडण्याआधी ओल्या फडक्याने पुसून वरचे तंतू किंचित नरम करणे आणि अरुंद फळी तिरकी सोडणे, या सगळ्यांनी खड्डे कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत. शिवाय पात्यांची पहिली धार उतरू लागली की ओल्या फडक्याचाही फारसा उपयोग राहत नाही.

म्हणून बर्ड कंपनीच्या शेलिक्ससारखे हेलिकल हेड (हेड म्हणजे पाती धरून फिरणारा दंडगोल) बसवण्याचा विचार करत आहे. त्यात तीन लांब पात्यांऐवजी कार्बाइडचे (पोलादाहून कठीण पदार्थाचे) छोटे चौकोनी तुकडे सर्पिल ओळींत बसवलेले असतात, आणि एक कड बोथट झाली की तुकडा पाव वळण फिरवून नवी कड पुढे आणता येते. इथे माझी पहिली शंका आहे. या यंत्राचे हेड मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते, म्हणजे तीन पात्यांचे ३०,००० काप होतात, आणि संथ गतीला फळी मिनिटाला १४ फूट सरकत असल्याने इंचाला १७९ काप पडतात. हेलिकल हेडमध्ये मात्र लाकडाच्या बहुतेक ठिकाणांवरून एका फेऱ्यात एक किंवा दोनच तुकडे जातात. मग इंचामागे कापांची संख्या कमी होऊनही पृष्ठभाग सुधारतो, तो केवळ कड तिरकी लागते म्हणून का?

दुसरी शंका मोटरची आहे. १२० व्होल्टवर चालणारी ही १५ अँपियरची मोटर आहे. हेलिकल हेडला फळी ओढताना जास्त ताकद लागते असे वाचले आहे. ओक किंवा मेपलची पूर्ण रुंदीची फळी सोडली तर मोटर दमेल का?

तिसरी बाब खर्चाची आणि जोडणीची. या हेडची किंमत यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाते. हेड बाहेर काढायचे तर एका बाजूला पट्टा आणि पुली, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स आणि रोलर फिरवणाऱ्या साखळ्या, एवढे सगळे उघडावे लागते. ज्यांनी बेअरिंग काढण्या-बसवण्याचे काम स्वतः केले आहे, त्यांनी कुठे काळजी घ्यावी हे कृपया सविस्तर सांगावे.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

पुण्यात आमचा छोटा कारखाना आहे. आमचा प्लेनर तुमच्यापेक्षा मोठा आहे, तरी त्यात कार्बाइडच्या तुकड्यांचे हेड असल्यामुळे काही गोष्टी अनुभवाने सांगू शकतो. तुमचा तर्क बरोबर आहे. फायदा कापांच्या संख्येचा नसून कोनाचा आहे. हाताचा रंधा तिरका धरून मारला की उलट्या रेषेवरही लाकूड कमी उचकते, तेच इथे घडते. मात्र विकत घेताना एक गोष्ट नीट पाहा. काही हेडमध्ये तुकडे सर्पिल ओळीत असले तरी प्रत्येकाची कड अक्षाला समांतरच असते. असे हेड आवाज कमी करते, पण त्यात कड तिरकी लागत नाही, त्यामुळे लहरी लाकडासाठी त्याचा तितका उपयोग नाही. शेलिक्समध्ये तुकडेच तिरके बसवलेले असतात.

आम्ही मुख्यतः सागवान रंधतो. सागात सिलिका असल्याने साध्या पोलादी पात्यांची धार फार लवकर जाते, आणि केवळ त्या एका कारणासाठीसुद्धा कार्बाइडचा खर्च आम्हाला परवडला. ताज्या पोलादी पात्याची धार सुरुवातीला कार्बाइडपेक्षा तलम असते हे खरे, पण ती टिकत नाही.

तुकडा फिरवताना त्याची बैठक ब्रशने आणि राळ विरघळवणाऱ्या द्रावणाने पूर्ण साफ करा. खाली भुशाचा एक कण जरी राहिला तरी तो तुकडा उंच बसतो आणि फळीवर टोकापासून टोकापर्यंत एक बारीक चर उमटते. स्क्रू टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा आणि आकडा निर्मात्याच्या पत्रकातलाच घ्या; हाताच्या अंदाजाने जास्त आवळल्यास कार्बाइड तडकते.

बेअरिंग हेडच्या दांड्यावर चढवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर ठोकले तर तो मार गोळ्यांवर जातो आणि बेअरिंग नवे असूनही लवकरच घरघरू लागते. यंत्र उघडलेच आहे तर जुनी बेअरिंग परत घालू नका. हेडचा कापण्याचा व्यास थोडा जरी बदलला तरी यंत्रावरची जाडी दाखवणारी पट्टी चुकीचा आकडा दाखवते, म्हणून शेवटी एक फळी रंधून कॅलिपरने मोजा आणि पट्टी नव्याने जुळवा.

प्रतिसाद २

मोटरच्या प्रश्नाबद्दल : ताकद जास्त लागते हे खरे आहे. पूर्ण रुंदीच्या कठीण लाकडावर एका फेरीत इंचाचा बत्तिसावा भाग ही वरची मर्यादा समजावी, आणि शेवटच्या फेऱ्या त्याहून हलक्या घ्याव्यात. प्लेनरला २० अँपियरची स्वतंत्र लाइन द्या, भुसा ओढणारे यंत्र त्याच लाइनवर लावू नका आणि बारीक तारेची लांब एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नका, कारण व्होल्टेज पडले की मोटर अधिक तापते. माझा सल्ला मात्र वेगळा आहे. एवढा खर्च करणारच असाल तर हा प्लेनर विकून, त्यात भर घालून, कारखान्यातूनच हेलिकल हेड बसवलेला २४० व्होल्टचा १५ इंची प्लेनर घ्यावा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोठ्या प्लेनरचा पर्याय मी विचारात घेतला होता, परंतु गराजमध्ये २४० व्होल्टची लाइन नाही आणि हिवाळ्यात तिथे गाडीही ठेवावी लागते, त्यामुळे बाजूला सरकवता येईल असेच यंत्र मला हवे आहे. तुकड्यांची कड तिरकी आहे की फक्त ओळ सर्पिल आहे, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता आणि निवड आता त्यावरच ठरेल. वीस अँपियरची लाइन आधीपासून आहे. भुशाचे यंत्र दुसऱ्या लाइनवर हलवतो.

पुण्याच्या मित्रांना एक शंका विचारतो. तुकड्यांच्या कडा किंचित गोलाकार असल्यामुळे फळीवर अतिशय उथळ पन्हळी राहतात असे ऐकले आहे. तुम्ही त्या स्क्रेपरने काढता की थेट १२० नंबरच्या पेपरने, आणि तेल लावल्यावर त्या पुन्हा दिसतात का?